अंजनीच्या बेंजोतलं जर्मेनियम

बदलापूर पश्चिमेला, बारवी डॅमच्या रस्त्यावर, सनी भोईरची बेंजो पार्टी आहे. बॅनरवर सनीचा फोटो असतो, गाडीवर सनीचं नाव असतं, पण हळदीला बोलावताना लोक ‘त्या पोरीची पार्टी’ असंच म्हणतात. ती पोरगी म्हणजे सनीची मोठी बहीण अंजनी. आठवडाभर अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये ती डबे तपासते, आणि लग्नसराईत शनिवार-रविवार मांडवात बेंजो वाजवते. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. बटणांवर तिची बोटं अशी पळतात की म्हातारेकोतारेही खुर्ची पुढे ओढून बघत बसतात.

वाजवायला तिला वडिलांनी शिकवलं. कोंडाजींच्या काळात पार्टीत कीबोर्ड नव्हता; एक बेंजो, दोन ढोल, ताशा, झालं. त्यांच्या बेंजोचा आवाज जाड आणि घोगरा होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाच्या गळ्यासारखा. तो आवाज बेंजोचा जितका, तितकाच त्यांच्या जुन्या अँप्लिफायरचा. मोठ्या पुराच्या साली उल्हास नदी घरात शिरली आणि अँप्लिफायर घेऊन गेली. नवीन आणला, पण तो आवाज काही आला नाही. कोंडाजींनी मग बेंजो मुलीकडे दिला आणि स्वतः भेंडी-काकडीच्या वाफ्यात रमले.

सनीने बहिणीसाठी एक चांगला प्रोसेसर आणला होता. त्यात शंभर तऱ्हेचे आवाज होते. अंजनीने ते सगळे वाजवून बघितले.

“मिक्सरमध्ये खोबरं फिरवल्यासारखं वाटतं रे,” ती म्हणाली.

“पब्लिक नाचते ना? मग झालं,” सनी म्हणाला.

पण तिच्या मनातून ते जाईना. एका चुलतभावाच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतली होती. त्यात वरात वळणावर येते तेव्हा कोंडाजींचा बेंजो थोडा वेळ ऐकू येतो. तेवढाच तुकडा कापून घेऊन एका शनिवारी ती उल्हासनगरला गेली, कॅम्प तीनमध्ये हरेशभाईंच्या दुकानात. स्पीकर, वायरी, मायक्रोफोन, जुन्या रेडिओचे अवयव, सगळं तिथे छतापर्यंत रचलेलं असतं.

हरेशभाईंनी मोबाइल कानाला लावला, डोळे मिटले.

“दीदी, हा जर्मेनियमवाला आवाज आहे. पुराने ट्रान्झिस्टर. आता सगळा सिलिकॉन. वो मीठा आवाज सिलिकॉन में कहाँ?”

“तुमच्याकडे आहे का?”

“माझ्याकडे काय नाही ते विचार!” ते शिडी चढले आणि एक धुळकट पुडी घेऊन उतरले. आत टोपीसारखे छोटे चंदेरी डबे होते, प्रत्येकाला तीन पाय. “पण हे जोडून द्यायला माझ्या मुलाला नाही जमणार. तू अंबरनाथला जा. पूर्वेला, शिवमंदिराच्या रोडवर. विष्णुपंत काका. माझं नाव सांग.”

विष्णुपंत रेगे एका कारखान्यातून मेंटेनन्सचे अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. आता बाल्कनीतल्या टेबलावर जुने रेडिओ दुरुस्त करत बसायचे. पत्नी कुंदाकाकू शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवणं काही थांबलं नव्हतं.

अंजनीने पुडी टेबलावर उघडली. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि एका डब्याच्या पायांना मीटरच्या सुया लावल्या. मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याला त्यांनी नुसतं हूं केलं.

“हे जर्मेनियम नाही.”

“पण वर नंबर आहे ना काका?”

“नंबर काय, कुणीही छापेल. हे बघ.” त्यांनी मीटर तिच्याकडे वळवला. “जर्मेनियम पाव-एक व्होल्ट मिळाला की वीज जाऊ देतं. सिलिकॉन अडून बसतं, त्याला दुपटीहून जास्त लागतो. हे सगळे पॉइंट सहाच्या वर. सिलिकॉनला जुनी टोपी घातलीय कुणीतरी.”

अंजनीने तिथूनच फोन लावला. पलीकडून हरेशभाई इतक्या मोठ्याने हळहळले की काकूंना स्वयंपाकघरात ऐकू गेलं. “मेरे को भी किसी ने चिपका दिया, दीदी! काकांना सांग, माझी इज्जत गेली.”

“जाऊ दे,” काका हसले. “कुंदा, माझा तो बिस्किटांचा डबा कुठे गं?”

“फेकून देऊ का म्हणून दर दिवाळीला विचारते तो?” काकू डबा घेऊनच बाहेर आल्या. “घे बाई. तुझ्या नशिबाने राहिलाय.”

डब्यात कापसाच्या गादीवर तसलेच छोटे डबे झोपले होते, पण यांच्या अंगावरची अक्षरं पुसट झालेली. काकांना कॉलेजात असताना खिशात मावणारे रेडिओ बनवायचा नाद होता, तेव्हाचे हे. काकांनी एक निवडून मीटरला लावला. काटा थोडासा हलला.

“आता हा चिमटीत धर.”

अंजनीने धरला. काटा आपोआप वर चढायला लागला. तिने पटकन हात काढला.

“काही बिघडलं?”

“नाही गं. तुझ्या बोटांची ऊब लागली त्याला. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. जरा तापलं की त्यातून वीज गळायला लागते, नळाचा वायसर गेल्यावर गळते तशी. म्हणून तर सगळे सिलिकॉनकडे गेले. ते बिचारं तापूनही शिस्तीत वागतं.”

“आणि आवाज?”

“आवाजात याला तोड नाही. जोर लावला की सिलिकॉन आवाजाची लाट जिथे कापतं तिथे धारदार कडा राहते. हे कडा गोल करून देतं. तुझ्या वडिलांचा घोगरेपणा म्हणजे तोच.”

काकू चहा घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्याच. “याची जन्मकथा ऐकलीस का? मेंडेलीव्हने मूलद्रव्यांचा तक्ता मांडला, तेव्हा सिलिकॉनच्या खालचं घर रिकामं राहिलं. दुसरा कुणी असता तर पुढचं मागे सरकवलं असतं. याने जागा तशीच ठेवली आणि सांगून टाकलं, इथे जो येईल तो करड्या रंगाचा असेल, वजनाला अमुक असेल. पंधरा वर्षांनी एका जर्मन माणसाला चांदीच्या खनिजात तो सापडला. वजन जवळजवळ तेच!”

“लग्नात पाहुण्यासाठी खुर्ची राखून ठेवतात तसं,” अंजनी म्हणाली.

“अगदी! मी वर्गात हे कसं नाही सांगितलं कधी?” काकू खूश झाल्या. “दिसायला धातूसारखं चकचकीत, पण हातोडी मारली तर काचेसारखं फुटतं. आणि गंमत म्हणजे, त्याची चकती डोळ्यांसमोर धरलीस तर आरपार काही दिसत नाही, पण उष्णतेचे किरण खुशाल पलीकडे जातात. अंधारात माणूस शोधणारे ते कॅमेरे असतात ना, त्यांची भिंगं याचीच.”

“म्हणजे उष्णता याला सोसत नाही आणि दिसते मात्र याच्यातूनच?”

विष्णुपंतांनी काकूंकडे बघितलं. “ही मुलगी रंगाच्या कंपनीत काय करतेय?”

पुढचे दोन-तीन रविवार अंजनी बेंजो घेऊन त्या बाल्कनीत जायची. डब्यातले सगळेच ट्रान्झिस्टर कामाचे नव्हते. काही इतके गळके होते की नुसते सुस्कारे टाकायचे. काका एकेक बदलून लावायचे, ती वाजवायची, आणि दोघं एकदम नकाराची मान हलवायची. शेवटी एक जोडी अशी जमली की अंजनीने तारेवर पहिला आघात केला आणि काकूंनी आतून विचारलं, “अगं, हे काय वाजलं?” हळू छेडलं तर आवाज स्वच्छ, जोर लावला की गुरगुरायचा, आणि स्वर संपताना मऊ होत विरायचा. पत्र्याच्या एका लहान डबीत काकांनी तो सगळा संसार बसवला आणि वर पाय ठेवायला बटण लावलं.

घरी आल्यावर अंजनीने वडिलांना बोलावलं. कोंडाजी मातीचे हात घेऊन दारातच थांबले. तिने ती जुनी वरातीची चाल वाजवली.

“नदीनं परत दिला का काय?” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. पण त्या दिवशी जेवताना ते पार्टीच्या जुन्या गोष्टी सांगत बसले, भात गार होईपर्यंत.

पहिला मोठा कार्यक्रम आला चिखलोलीत. अंजनीच्या लॅबमधली मैत्रीण नेत्रा, तिची हळद. नव्या टॉवरांच्या मधोमध नेत्राच्या घरच्यांचं एक मोकळं शेत उरलं होतं, त्यातच मांडव. संध्याकाळी तिथेच मुलाकडच्यांचं जेवण असल्यामुळे हळद दुपारी ठेवलेली. महिना मे. काका-काकूंना खास आमंत्रण होतं. कोंडाजीही आले, नुसते ऐकायला म्हणून.

सकाळी सामान लावताना डबी झकास वाजली. सनीनेसुद्धा अंगठा वर केला. मग सगळे जेवायला गेले, आणि डबी राहिली स्टेजवर, काळ्या रंगाच्या लोखंडी पत्र्यावर. ऊन सरकत सरकत तिच्यावर आलं.

नेत्राला हळद लावायला सुरुवात झाली, बायका पुढे आल्या, सनीने ढोलवाल्यांना खूण केली. अंजनीने डबीवर पाय दिला आणि तार छेडली.

पहिल्या ओळीत आवाज होता. दुसऱ्या ओळीत तो आखडायला लागला, जणू कुणी बेंजोवर ओला टॉवेल टाकलाय. तिसऱ्या ओळीत नुसता फर्रर्र, कागद फाडल्यासारखा. मग तोही बंद.

नाचायला वर गेलेले हात हवेतच राहिले.

“प्रोसेसर लाव! पटकन लाव!” सनी दबक्या आवाजात ओरडला.

अंजनीने समोर बघितलं. मैत्रिणीची हळद, समोर अर्धी कंपनी, पुढच्या रांगेत वडील. तिने डबी उचलली आणि हात भाजला.

विष्णुपंत स्टेजपाशी पोचले होते. “तापलीय. आतून गळतीय नुसती. मला स्क्रूड्रायव्हर दे, आतलं सेटिंग फिरवतो.”

“आणि आणखी तापली की परत फिरवाल?” मागून काकू म्हणाल्या. पैठणीचा पदर खोचत त्या थेट सरबताच्या टेबलाकडे निघाल्या होत्या. “अहो, ती तापलीय तर गार करा! एवढं काय त्यात?”

टेबलाखाली थर्माकोलचा मोठा खोका होता, बर्फ आणि कोकम सरबताच्या बाटल्यांनी भरलेला. काकूंनी नेत्राच्या आईकडून प्लास्टिकची पिशवी मागून घेतली, डबी तिच्यात घातली, वायरींच्या भोवती पिशवीचं तोंड घट्ट गुंडाळलं आणि सगळं बर्फात खोचलं. नेत्राच्या मावशीला वाटलं, डबीत प्रसाद आहे आणि वाजवणाऱ्यांना तो गार करून हवाय. मग खोकाच उचलून स्टेजच्या कडेला आणला.

पण गार व्हायला वेळ लागणार होता, आणि पब्लिक खुर्च्यांकडे वळायला लागलं होतं. सनीने प्रोसेसरची वायर हातात घेतली.

तेवढ्यात ढोलकीवर थाप पडली.

कोंडाजी कधी उठले कुणी बघितलंच नव्हतं. त्यांनी ढोलकीवाल्या पोराच्या खुर्चीवर बैठक मारली होती, ढोलकी मांडीवर, आणि चेहरा असा की ते रोजच वाजवतात. “होऊ दे तिला थंड,” ते मुलीला म्हणाले. “मी हाय ना.” आणि त्यांनी हळदीचं एक जुनं गाणं उचललं. आवाज म्हातारा झाला होता पण सूर सुटला नव्हता. बायकांनी दुसरी ओळ धरली. खुर्च्यांकडे निघालेली माणसं परत आली.

गाणं संपता संपता काकूंनी खोक्यातून मान वर केली. “बघ गं आता.”

अंजनीने तार छेडली. आवाज आला! पण हा आवाज वेगळाच होता. पातळ, लख्ख, गुरगुर नाहीच. तिने काकांकडे बघितलं.

“आता जास्तच गार झालीय,” काका म्हणाले. “थोडी बाहेर काढा.”

काकूंनी पिशवी बर्फातून वर धरली. अंजनी वाजवत राहिली. पिशवीला वारा लागला, ऊन लागलं, आणि स्वर हळूहळू जाड होत गेला. आधी कडेने, मग मधून. चाल तीच होती, पण प्रत्येक फेरीला जरा जास्त घोगरी व्हायची. अंजनीच्या लक्षात आलं की ती आवाजाची वाट बघतेय आणि आवाज तिची. तिने गती थोडी धरून ठेवली. गुरगुर पुरती भरली तेव्हा तिने वडिलांकडे बघून मान हलवली आणि ठेका दुप्पट केला.

मांडव उसळला.

त्यानंतर त्यांची एक पद्धतच पडली. अंजनीने भुवई वर केली की काकू डबी बर्फात दाबायच्या, हनुवटी हलवली की वर काढायच्या. संथ गाण्याला गार डबी, नाचाला कोमट. एकदा काकू नाचायच्या नादात डबी बाहेरच विसरल्या आणि बेंजो खोकायला लागला. काकांनी धावत जाऊन पिशवी बर्फात कोंबली. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी शिट्ट्या वाजवल्या. हळदीने माखलेली नेत्रा पाटावरून उठून नाचायला आली, तिच्या आजीने तिला दोनदा खाली बसवलं, तिसऱ्यांदा आजीच उठली.

सनीने प्रोसेसरची वायर केव्हाच गुंडाळून ठेवली होती. सामान भरताना तो बहिणीला म्हणाला, “ताई, पुढच्या वेळेला थर्माकोलचा खोका आपलाच न्यायचा काय?”

“आणि काकूंनापण,” अंजनी म्हणाली.

कोंडाजी टेम्पोजवळ विष्णुपंतांबरोबर उभे होते. दोघांच्या हातात कोकमचे ग्लास. “एक सांगा साहेब,” कोंडाजी म्हणाले, “आमचा पुरात गेलेला डबा उन्हात कधी रुसला नाय. का बरं?”

“तुम्ही वाजवायचात कधी?”

“आमच्या येळेला हळद म्हटली की दिवेलागणीनंतरच.”

“मग बरोबर. उन्हात ठेवला असतात तर तोही रुसला असता.”

कोंडाजींना हे फार पटलं. घरी जाईपर्यंत त्यांनी टेम्पोत सगळ्यांना दोनदा ऐकवलं.

नेत्राच्या हळदीचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, आणि डोंबिवलीपासून वांगणीपर्यंतच्या पार्ट्यांचे फोन यायला लागले. सगळ्यांना तशी डबी हवी होती. विष्णुपंतांनी बिस्किटांचा डबा उपडा करून बघितला. कामाचे थोडेच उरले होते. हरेशभाईंनी मनावर घेतलं. गेलेली इज्जत परत आणायची म्हणून त्यांनी सगळ्या ओळखीच्या भंगारवाल्यांना जुने रेडिओ बाजूला ठेवायला सांगितलं, आणि आता प्रत्येक माल स्वतः मीटरवर तपासूनच देतात. “पाव व्होल्ट, दीदी, पाव व्होल्ट! खुद देखा!” असं फोनवर ओरडतात.

अंजनी मात्र एका गोष्टीवर अडून बसली. नवीन डबीत जर्मेनियमच्या शेजारी तापमान सांभाळणारा एखादा भाग घालू, मग बर्फाची कटकट नको, असं काका म्हणाले. त्यांनी तशी एक करूनही दाखवली. ती उन्हात ठेवली तरी एकसारखी वाजायची.

अंजनीने ती वाजवून बघितली. “छान आहे. दुसऱ्यांना ही द्या.”

“आणि तुला?”

“मला ती रुसणारीच बरी.”

काकांनी वाद घातला नाही. तिच्यासाठी त्यांनी डबीला पितळी झाकण लावून दिलं, म्हणजे गारवा लवकर आत पोचेल.

हे सगळं बाल्कनीतच चालायचं, आणि आता रविवारी कोंडाजीही यायचे, ताजी काकडी घेऊन. एकदा चार माणसं आणि एक बेंजो अगदी रंगात आले असताना बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी अवधूत सामंत, इस्त्रीचा शर्ट, गंभीर चेहरा. काकूंनी ओळखलं, तक्रार आली.

“आवाज खाली पार्किंगपर्यंत येतोय,” ते म्हणाले.

“बंद करतो, बंद करतो,” विष्णुपंत उठले.

“नाही, म्हणजे…” सामंतांनी आत डोकावून अंजनीकडे बघितलं. “डिसेंबरमध्ये आमच्या मुलीची, राजसीची हळद आहे. तुमची तारीख मोकळी आहे का, ते विचारायला आलो होतो.”

“डिसेंबरात थंडी असते,” काकू ताबडतोब म्हणाल्या. “गरम पाण्याची पिशवी लागेल. ती तुम्ही आणायची.”

सामंतांना काही कळलं नाही, पण त्यांनी हो म्हटलं आणि चपला काढून आत येऊन बसले. कोंडाजींनी त्यांच्यापुढे काकडीची फोड आणि मीठ सरकवलं, आणि अंजनीने तारा पुन्हा जुळवायला घेतल्या.